'क्योपेनिकचा कप्तान': आधी सिनेमा की आधी नाटक?

जर्मन दिग्दर्शक हेल्मुट कॉयटनरचा १९५६ चा 'क्योपेनिकचा कप्तान' नुसता हलकाफुलका विनोदी सिनेमा आहे का, आणि आधी कार्ल त्सुकमायरचं मूळ नाटक वाचावं का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत विचाराल तर आधी सिनेमाच बघा. फक्त तोतयाची गंमत बघायला म्हणून बसू नका, नजर त्या गणवेशावर ठेवा.

मूळ घटना खरी आहे. १६ ऑक्टोबर १९०६ रोजी विल्हेल्म फोग्ट नावाच्या, बरंच आयुष्य तुरुंगात काढलेल्या मोच्याने कप्तानाचा जुना गणवेश चढवला, रस्त्यात भेटलेल्या शिपायांना हुकूम सोडला आणि बर्लिनलगतच्या क्योपेनिकच्या नगरपालिकेत घुसून नगराध्यक्षालाच अटक केली. जाताना तिजोरीतले साडेतीन हजारांहून जास्त मार्कही नेले. त्याच्याकडे लेखी हुकूम आहे का, हे बघायचा कुणी आग्रहच धरला नाही.

त्सुकमायरने १९३१ च्या नाटकात याला 'एक जर्मन परीकथा' म्हटलं आणि पैशांऐवजी पासपोर्ट हे फोग्टचं उद्दिष्ट केलं. काम नाही म्हणून राहण्याचा परवाना नाही, परवाना नाही म्हणून काम नाही. एका कचेरीतून दुसरीत नुसते हेलपाटे. दुसरीकडे गणवेशाचा प्रवास चालू असतो. शिंप्याकडे कप्तान श्लेटो मागच्या बटणांमधल्या अंतरावरून हुज्जत घालतो. त्याला लष्कर सोडावं लागतं, मग तोच गणवेश ओबरम्युलरकडे जातो आणि पुढे अंगाला तंग होऊन उसवतो. हा ओबरम्युलर म्हणजे क्योपेनिकचा भावी नगराध्यक्ष! त्याने टाकून दिलेलं कापडच पुढे त्याला अटक करायला येतं. ही रचना मला अजूनही थक्क करते.

सिनेमाची पटकथा कॉयटनर आणि त्सुकमायर यांनी मिळून लिहिली. पश्चिम जर्मनीत नवं लष्कर नुकतंच उभं राहत होतं, सक्तीच्या लष्करी सेवेचा कायदाही त्याच १९५६ साली झाला. त्या वर्षी लोकांना गणवेशावर हसायला लावणं ही साधी गोष्ट नव्हती.

हाइन्त्स र्‍यूमान हा नाझी काळाच्याही आधीपासूनचा लोकांचा लाडका विनोदी नट, आणि या सिनेमातला फोग्ट तोच. त्यामुळे फोग्ट जरा जास्तच गोड झालाय, नाटकातली धार थोडी बोथट झालीय, हे खरं. पण मेहुण्याशी त्याचं बोलणं होतं तो प्रसंग नीट बघा. उद्या देवाने विचारलं, आयुष्याचं काय केलंस, तर मी काय सांगू? तुरुंगात पायपुसणी विणली! र्‍यूमान इथे चेहरा अजिबात वेडावाकडा करत नाही, सरळ बोलतो. माझ्या मते तो त्याच्या सगळ्या कारकिर्दीतला सर्वोत्तम क्षण आहे.

नाटक नंतर वाचा. बर्लिनच्या बोलीतले संवाद सिनेमात एकदा कानावर पडले की वाचताना अडखळायला होत नाही. रिखार्ट ओस्वाल्टने १९३१ सालीच माक्स आडालबर्टला घेऊन याच नाटकावर केलेला सिनेमा मिळाला तर तोही बघा. त्यातला फोग्ट जास्त रखरखीत आहे.