गावातल्या बायकांच्या हक्कांसाठी आयुष्य घातलेल्या ताईंचा सत्कार कसा करावा? मानपत्रात काय लिहावं?

तुमच्या गावातल्या ताई टाकलेल्या आणि विधवा बायकांची कामं वर्षानुवर्षं करताहेत. आता ग्रामपंचायत आणि तरुण मंडळ मिळून त्यांचा सत्कार करणार आहे, आणि पाहुणे कोण, तारीख कोणती, मानपत्रात काय, असं तुम्ही विचारलंय. पाहुण्यांचं आधी सांगते. पुढाऱ्याला बोलावू नका. तो उशिरा येतो, आला की माईक त्याचा होतो, आणि जिचा सत्कार असतो ती बाई मांडीवर शाल घेऊन त्याचं भाषण ऐकत बसते. हे मी माझ्या आत्याच्या सत्काराला डोळ्यांनी पाहिलंय.

आमचं गाव वाळवा तालुक्यातलं. याच तालुक्यात कासेगावच्या इंदूताई पाटणकरांनी परित्यक्तांना संघटित केलं, त्यांच्यासाठी स्वतंत्र रेशनकार्ड आणि घराला जागा मागितली. आत्या लहान वयात विधवा होऊन माहेरी आली होती. ते मोर्चे पाहूनच ती या कामात पडली. नवऱ्याने टाकलेल्या बाईचं नाव सासरच्या कार्डावर असायचं, म्हणजे तिच्या वाटचं धान्य तिकडेच. नाव कमी केल्याचा दाखला सासरचे आणू द्यायचे नाहीत, आणि दाखल्याशिवाय नवं कार्ड नाही. संजय गांधी निराधार योजनेच्या अर्जाला उत्पन्नाचा दाखला लागतो, पण नवऱ्याने टाकलंय याचा कागद कुठून आणायचा? आत्या त्या बाईला घेऊन तहसीलला जायची. आता एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा पूर्ण पडायचं, आणि बऱ्याचदा दोघींचं तीच काढायची.

सगळ्यात जास्त भांडली ती वारस नोंदीसाठी, म्हणजे मेलेल्या माणसाच्या जमिनीला त्याच्या वारसांची नावं लावण्यासाठी. नवरा मेला की दीर चावडीत जाऊन भावाभावांचीच नावं लावायला बघायचे. विधवा ही पहिल्या वर्गाची वारस आहे, हे हिंदू वारसा कायद्यात १९५६ पासून आहे, पण आमच्याकडे ते ठाऊक असलेल्या बायका थोड्या. फेरफाराची, म्हणजे जमिनीच्या नोंदीतल्या बदलाची, नोटीस निघाली की हरकत घ्यायला पंधरा दिवस असतात. तेवढ्यात त्या बाईला शोधायचं, समजवायचं, अंगठा घ्यायचा. निम्म्या वेळा बाईच घाबरून मागे सरायची. आत्याने त्यासाठी कधी कुणाला बोल लावला नाही.

अशा बाईच्या मानपत्रात काय होतं? त्यागमूर्ती, मायेची सावली, रणरागिणी. रेशनकार्ड नाही, फेरफार नाही, निराधारचा एक अर्ज नाही. कुठल्याही बाईचं नाव घालून वाचता आलं असतं. जिच्यासाठी ती चावडीत बसली त्या बायका पार मागे उभ्या होत्या, त्यांना कुणी खुर्ची दिली नाही. आणि हळदीकुंकवाचं ताट आलं तेव्हा ते पाहुण्यांच्या बायकोपाशी थांबलं, आत्याला ओलांडून पुढे गेलं. तिच्याच सत्कारात.

शेवटी तिला दोन मिनिटं दिली. आभार-बिभार काही नाही. स्टेजवर तलाठी बसले होते, त्यांच्याकडे वळून म्हणाली, "भाऊसाहेब, त्या पोरीची वारस नोंद अजून का धरली नाही तेवढं सांगा. मग मी ही शाल घेते." मंडप गप्प झाला. मागच्या बायकांतून एकीने टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच.

आमचा दादा त्यावर आजही चिडतो. त्याचं म्हणणं, "लोकांनी मान दिला, तेवढा वेळ तरी गप बसायचं होतं. रीत असते." ताटाबद्दलही त्याचं तेच, मनाला लावून घेऊ नये. मी त्याला तेव्हाही सांगितलं, इथेही लिहिते: ती नोंद पुढे झाली, आणि ती झाली कारण आत्याने अख्ख्या गावासमोर विचारलं. ज्या रितीत सत्काराची बाई कुंकवाच्या ताटातून वगळली जाते, ती रीत पाळायचं आत्यावर काही बंधन नव्हतं. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद केलं. सरकारनेही मग परिपत्रक काढून इतर गावांना तसं करायला सांगितलं. एक गाव करू शकतं तर बाकीच्यांना काय अडचण आहे? दादाकडे याचं उत्तर नाही.

तर तुम्ही असं करा. ताईंकडे जा, अडलेली कामं विचारा आणि त्यांतली होतील तेवढी कार्यक्रमाआधी करून टाका. ग्रामपंचायत तुमच्याबरोबर आहे, तर घराच्या उताऱ्यावर बायकोचं नाव लावायचा ठराव तरी नक्की होईल. मानपत्रात ही कामं आणि ताईंनी आजवर केलेली कामं साध्या भाषेत लिहा. विशेषणं लागत नाहीत. थैली द्या, आणि रक्कम अशी असू द्या की वर्षभराचा प्रवास आणि झेरॉक्सचा खर्च निघेल. औक्षण करायचं तर सगळ्या बायकांचं करा, नाहीतर ताट आणूच नका.

तारीख ८ मार्च नको, त्या दिवशी ताईंना चार ठिकाणी ओढतील. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते. पुष्कळ गावांत ती फक्त रजिस्टरात होते. ती खरोखर भरवा आणि सत्कार तिथेच करा. अहिल्यादेवींच्या जयंतीला, ३१ मे रोजी, प्रत्येक ग्रामपंचायतीत दोन महिलांना त्यांच्या नावाचा पुरस्कार द्यायची सरकारी योजना आहे, तिथेही ताईंचं नाव सुचवा.

एक राहिलं, आणि ते महत्त्वाचं आहे. ज्यांच्या केसेस कोर्टात आहेत किंवा ज्या मारहाणीतून सुटून आल्यात, त्यांची नावं विचारल्याशिवाय मानपत्रात घालू नका, फोटोही काढू नका. सासरच्यांपर्यंत ते पोचतं आणि निस्तरायला पुन्हा ताईच धावतात. आणि हे सगळं ठरवण्याआधी ताईंना स्वतःला काय आवडेल ते विचारा. त्या बँड आणि फेटा म्हणाल्या, तर बँड आणि फेटा.