कळफलकावरचं बटण बदलायचंय

प्रश्न : केळीच्या वखारीत गाड्यांच्या नोंदी एक्सेलमध्ये करतो. लॅपटॉपवर सेल दुरुस्त करायच्या एफ२ साठी दरवेळी एफएन धरावं लागतं. गावांची नावंही दिवसभर तीच ती. वेळ कसा वाचेल? – एक वाचक, सावदा

उत्तर : मायक्रोसॉफ्टचं ‘पॉवरटॉइज’ हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यातलं ‘कीबोर्ड मॅनेजर’ चालू करा आणि ‘रीमॅप अ की’मध्ये कॅप्स लॉकच्या जागी एफ२ निवडा. डाव्या करंगळीपाशी एवढं मोठं बटण, आणि एरवी ते चुकूनच दाबलं जातं! आता त्यानं सेल दुरुस्तीला उघडेल.

ओके केल्यावर कॅप्स लॉकसाठी बटणच उरलं नाही, असा इशारा येतो. तो तसाच पुढे ढकलू नका. एमएच १९ चे गाडीनंबर कॅपिटलमध्येच टाकावे लागतात. दुसरी ओळ जोडून उजव्या कंट्रोलला कॅप्स लॉक करा.

पॉवरटॉइज बंद असेल तर बदल चालत नाही, म्हणून ते विंडोजबरोबर सुरू होईल असं ठेवा. हिशेबाचं एखादं सॉफ्टवेअर ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ म्हणून उघडत असाल, तर पॉवरटॉइजही तसंच उघडा. नाहीतर नेमकं तिथंच जुनं बटण चालतं.

गावांसाठी एक्सेलचं ऑटोकरेक्ट पुरतं : फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट ऑप्शन्स. ‘रिप्लेस’मध्ये ‘यव’, ‘विथ’मध्ये ‘यावल, जि. जळगाव’. मग ‘यव’ लिहून स्पेस दिली की पूर्ण पत्ता येतो. खूण मराठीत टाइप करता तशीच मराठीत नोंदवा, पण ती खरा शब्द नको. यावलसाठी ‘या’ ठेवलंत तर ‘या गाडीचं वजन’ लिहिताना ‘यावल, जि. जळगाव गाडीचं वजन’ होईल. ही यादी वर्डलाही लागू होते, तेव्हा पत्रातही तोच घोळ. एखाद्या वेळी नको असेल तर लगेच कंट्रोल-झेड.

प्रश्न : झेडचं बटण मेलंय आणि पासवर्डात झेड आहे. पॉवरटॉइजनं एफ९ ला झेड केलं, तरी लॉगिन होत नाही. – एक वाचक, धुळे

उत्तर : पॉवरटॉइज लॉगिननंतरच जागं होतं. तूर्त लॉगिन पडद्यावर खाली उजव्या कोपऱ्यातल्या अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या चिन्हातून ऑन-स्क्रीन कीबोर्ड उघडा आणि झेड माउसनं दाबा. कायमचं हवं असेल तर ‘शार्पकीज’ हे सॉफ्टवेअर वापरा. ते बदल विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंगांच्या नोंदवहीत लिहितं, त्यामुळे संगणक पुन्हा सुरू केल्यावर एफ९ लॉगिनलाही चालतं. फक्त त्या संगणकावरच्या प्रत्येक खात्याला तो बदल लागू होतो, तेव्हा बाकीच्यांना आधी सांगा.