'साभार', पण कुणाचे आभार?

प्रश्न : गुढीपाडव्याला गिरगावच्या शोभायात्रेत काढलेला फोटो मी ऑनलाइन टाकला होता. तो एका मंडळाच्या फ्लेक्सवर दिसला. कोपऱ्यात एका भाऊंचा चेहरा चिकटवलेला आणि खाली बारीक अक्षरात 'छायाचित्र : साभार'. माझं नाव नाही. विचारलं तर म्हणाले, "लिहिलंय की ताई, साभार!" एवढं पुरतं का? की 'सौजन्य' लिहायला हवं होतं?

उत्तर : पुरत नाही, आणि 'सौजन्य' तर मुळीच नको होतं.

'साभार' म्हणजे आभारांसह. क्रियाविशेषण आहे, त्यामुळे त्याला क्रिया हवी. मासिकांशी संबंध आलेल्यांना त्याचे दोन वापर पाठ असतील. पुस्तक आलं की अंकात 'साभार पोच', कविता पसंत पडली नाही की पाकिटात 'साभार परत'. (दुसऱ्या प्रकारचा माझा संग्रह बऱ्यापैकी मोठा आहे.) दोन्हीकडे कुणीतरी आपण होऊन काही पाठवलेलं असतं आणि आभार त्याचेच असतात. फ्लेक्सवरच्या 'साभार'ला ना क्रिया, ना माणूस. काही जण 'साभार : गूगल' लिहितात. म्हणजे पत्र कुणी लिहिलं ते राहू दे, पोस्टमनचे आभार!

'सौजन्य' आलं 'सुजन'वरून. सुजनाचा चांगुलपणा तो सौजन्य. आता गंमत बघा, आभार घेणारा मानतो, सौजन्य मात्र देणाऱ्याचं असतं. मंडळानं मागितला आणि तुम्ही फोटो दिलात, तर 'छायाचित्र सौजन्य' आणि पुढे तुमचं नाव, हे चोख. न विचारता उचलला आणि तेच लिहिलं, तर तुम्ही न दाखवलेला चांगुलपणा तुमच्या नावावर खपवला. त्यापेक्षा नुसतं 'छायाचित्र : अमुक अमुक' हे साधं आणि खरं. अर्थात नाव छापलं म्हणजे परवानगी मिळाली असं नव्हे.

परवानगी आधीच देऊन ठेवायचीही सोय आहे. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यांत तुम्हीच ठरवता की फोटो धंद्यासाठी वापरू द्यायचा का, त्यात फेरफार करू द्यायचे का. पण नाव द्यायची अट सध्याच्या सहाही परवान्यांत आहे. तिथे आभार मानले नाहीत तरी चालतं, नाव गाळलेलं चालत नाही. मंडळाचा कारभार नेमका उलटा. असा परवाना नसला तरी १९५७च्या प्रताधिकार कायद्याचं ५७वं कलम आहेच. हक्क विकून टाकले तरी 'ही कृती माझी' म्हणण्याचा अधिकार कर्त्याकडे राहतो.

राहिला तो चिकटवलेला चेहरा. पोथीत मागाहून कुणी घुसवलेल्या मजकुराला आपल्याकडे 'क्षेपक' म्हणतात. एकनाथांनी शके १५०६मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला आणि शेवटी बजावलं, यात जो आपली ओवी घालील त्यानं अमृताच्या ताटात नरोटी ठेवली. नरोटी म्हणजे नारळाची करवंटी. भाऊंना हे सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. मंडळाला मात्र लिहा : 'साभार'च्या आधी माझं नाव आणि 'यांच्याकडून' घाला, आणि तेही मला विचारून.