दोरा वरचा, गुंता खालचा : शिवणयंत्राविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळी निवडलेली पत्रे घरगुती शिवणयंत्रात दोरा ओवण्याविषयीची आहेत. पत्रलेखकांच्या तक्रारी वेगवेगळ्या असल्या, तरी त्यांतील बऱ्याचशा एकाच ठिकाणी येऊन मिळतात. म्हणून पहिले उत्तर मुद्दाम सविस्तर दिले आहे.

प्रश्न : मी नुकतेच यंत्रावर शिवायला शिकत आहे. कापडाच्या वरच्या बाजूने टीप बरी दिसते, परंतु कापड उलटून पाहिले की खाली दोऱ्याचे जाळे झालेले असते. खालचा दोरा बिघडला असेल असे समजून मी बॉबिन (खालचा दोरा गुंडाळलेली छोटी फिरकी) पुन्हा पुन्हा भरून पाहिली, ती जिच्यात बसते त्या बॉबिन केसचा स्क्रूही थोडा पिळला, तरी गुंता होतोच. यंत्र दुरुस्तीला द्यावे का?

उत्तर : यंत्र इतक्यात दुरुस्तीला देऊ नका आणि बॉबिनलाही दोष देऊ नका. कापडाच्या खालच्या बाजूला साठणारा गुंता जवळजवळ नेहमी वरच्या दोऱ्याचा असतो. खात्री करून घ्यायची असेल, तर वर एका रंगाचा आणि बॉबिनमध्ये दुसऱ्या रंगाचा दोरा घालून एखाद्या चिंधीवर टीप मारून पाहा. जाळे कोणत्या रंगाचे आहे हे लगेच दिसेल.

असे का होते, हे एकदा समजून घेतले तर पुढच्या अनेक अडचणी आपोआप सुटतात. यंत्राची टीप दोन दोऱ्यांची असते. सुई वरचा दोरा घेऊन कापडातून खाली उतरते आणि परत वर येऊ लागते, त्या क्षणी नेढ्याजवळ दोऱ्याचा लहानसा फास सुटतो. खाली फिरणाऱ्या हुकाचे टोक तो फास पकडते, मोठा करते आणि आख्ख्या बॉबिनला वळसा घालून आणते. या वळशासाठी काही सेंटिमीटर दोरा लागतो, पण प्रत्यक्ष टाक्यात त्यातला काही मिलिमीटरच खर्च होतो. उरलेला सगळा दोरा परत वर ओढून घ्यावा लागतो. ते काम यंत्राच्या तोंडाशी वर-खाली होणारा टेक-अप लिव्हर करतो. तो ओढत असताना रिळावरचा दोरा मोकाट सुटत येऊ नये, म्हणून वाटेत टेन्शनच्या चकत्या दोऱ्याला चिमटीत धरून ठेवतात. दोरा लिव्हरमधून निसटलेला असेल किंवा चकत्यांच्या मध्ये न बसता त्यांच्या कडेवरूनच गेला असेल, तर खाली गेलेला दोरा पुरता वर येत नाही आणि प्रत्येक टाक्यागणिक कापडाखाली त्याची भर पडत जाते.

नवशिक्यांच्या बाबतीत या गोंधळाचे सर्वांत मोठे कारण म्हणजे दोरा ओवताना दाबपट्टी खाली असणे. कापड दाबून धरणारी ही पट्टी, जिला अनेक जण नुसते ‘फूट’ म्हणतात, वर उचललेली असते तेव्हा चकत्या एकमेकींपासून सुटतात. ती खाली केली की त्या आवळतात. पट्टी खाली ठेवून दोरा ओवला, तर तो आवळलेल्या चकत्यांत शिरतच नाही, वरवर मात्र सगळे चित्रातल्यासारखे दिसते. माहितीपुस्तिकेतील बाण अगदी तंतोतंत पाळूनही गुंता होतो तो याच कारणाने, आणि पुस्तिकांमध्ये ही सूचना इतर दहा सूचनांच्या गर्दीत दडलेली असते याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

तेव्हा आता वरचा दोरा पूर्ण काढून टाका. यंत्र बंद करा, दाबपट्टी उचला, हातचाक आपल्या दिशेने फिरवून टेक-अप लिव्हर अगदी वरच्या टोकाला आणा आणि मगच नव्याने सुरुवात करा. दोरा चकत्यांमधून नेताना दुसऱ्या हाताने रिळाजवळ तो हलकाच धरून ठेवावा, म्हणजे तो ताठ राहून खोल बसतो. सुईत ओवण्याच्या आधी एक परीक्षा अवश्य घ्या. दाबपट्टी वर असताना दोरा ओढून पाहा, तो सहज सरकला पाहिजे. मग पट्टी खाली करून ओढा, आता त्याला स्पष्ट अडथळा जाणवला पाहिजे. दोन्ही वेळा दोरा सारखाच सैल येत असेल, तर तो चकत्यांमध्ये नाही असे समजावे व पुन्हा ओवावा. तो नीट बसलेला असूनही खाली फास दिसत असतील, तरच टेन्शनचा, म्हणजे चकत्यांच्या ताणाचा, आकडा वाढवण्याचा विचार करावा.

आपण पिळलेल्या स्क्रूबद्दल थोडेसे. बॉबिन केस यंत्रातून बाहेर निघणारी धातूची असेल, तर भरलेली बॉबिन तिच्यात घालून ती दोऱ्याच्या टोकाने लोंबती धरा. ती स्वतःच्या वजनाने घरंगळत खाली येऊ नये. हाताला हलका झटका दिल्यावर मात्र थोडीशी उतरून थांबावी. तसे होत नसेल, तर स्क्रू एका वेळी पाव फेऱ्याहूनही कमी फिरवून पुन्हा पाहावे. एकदा हा ताण जमला की त्या स्क्रूला पुन्हा हात लावण्याची वेळ क्वचितच येते.

प्रश्न : घरात एक जुने, काळे, फक्त सरळ टीप मारणारे यंत्र आहे. त्याची पुस्तिका हरवली आहे. दोरा कोणत्या क्रमाने न्यायचा आणि सुईत कोणत्या बाजूने ओवायचा, हे कसे ओळखावे?

उत्तर : यंत्र जुने असो वा नवे, क्रम एकच असतो. रिळावरून निघालेला दोरा वाटेतल्या कड्यांतून टेन्शनच्या चकत्यांकडे येतो, तेथून टेक-अप लिव्हरमध्ये जातो, मग खाली उतरून सुईजवळच्या कडीतून नेढ्यात शिरतो. नव्या यंत्रांत चकत्या आवरणाच्या आत लपलेल्या असतात आणि त्यांच्याकडे जाणारी फट तेवढी दिसते; आपल्या यंत्रात त्या बाहेरच दिसतील, आणि त्यांच्यालगत एक बारीक तारेची स्प्रिंगही असेल. दोरा चकत्यांभोवती फिरवून या तारेच्या आकड्यात अडकवायचा असतो. ही स्प्रिंग सुई खाली जात असताना दोरा ढिला पडू देत नाही. ती सुटली तर दोरा सुईखाली येऊन तुटू लागतो.

नेढ्याची बाजू ओळखण्यासाठी पुस्तिकेची गरज नाही, कारण ती खूण सुईवरच असते. घरगुती यंत्राच्या सुईचा वरचा जाड भाग एका बाजूने चपटा असतो आणि चपट्या बाजूच्या बरोबर विरुद्ध बाजूला नेढ्यापर्यंत उतरणारी एक लांब खाच असते. सुई खाली जाताना दोरा याच खाचेत बसतो आणि कापडाच्या घर्षणापासून वाचतो. म्हणून दोरा नेहमी लांब खाचेच्या बाजूने ओवून चपट्या बाजूकडून बाहेर काढावा. आजच्या बहुतेक यंत्रांत खाच समोर येते, त्यामुळे दोरा समोरून मागे जातो. जुन्या सरळ टिपेच्या यंत्रांत मात्र तो बहुधा डावीकडून उजवीकडे किंवा उजवीकडून डावीकडे जातो.

आता सुईच उलटी बसवलेली असेल तर काय, अशी शंका आपल्या मनात येईल आणि ती रास्त आहे. सुईखालचे झाकण सरकवून हातचाक सावकाश फिरवा आणि हुकाचे टोक सुईच्या कोणत्या बाजूने जाते ते पाहा. चपटी बाजू त्या टोकाकडे असायला हवी, कारण त्याच बाजूला नेढ्याच्या वर सुई किंचित खोलगट केलेली असते आणि हुकाला फास पकडायला तेथेच जागा मिळते. सुई उलटी असेल, तर टाका पडतच नाही किंवा मधले मधले टाके सुटतात. हातशिलाईच्या सुईचे नेढे मागच्या टोकाला असते, यंत्राच्या सुईचे मात्र अणकुचीदार टोकाजवळ. इलायस होव यांना 1846 साली अमेरिकेत ज्या यंत्राचे पेटंट मिळाले, त्यातही नेढे टोकाजवळच होते. सुई कापडाच्या पलीकडे पूर्ण न जाताही दोरा पलीकडे पोहोचतो, तो या रचनेमुळे.

प्रश्न : बॉबिन कोणत्या दिशेने बसवावी? उलटी बसवली तरी टीप पडते, मग दिशेचा एवढा आग्रह कशासाठी?

उत्तर : टीप पडते हे खरे, पण ती भरवशाची नसते. बॉबिन केसच्या पातळ पट्टीखाली दोरा सरकून बसला, तरच खालच्या दोऱ्याला ताण मिळतो. दिशा चुकली की शिवता शिवता तो पट्टीखालून निसटू शकतो. बॉबिन वरून आडवी ठेवण्याची सोय असलेल्या बहुतेक यंत्रांत दोरा ओढल्यावर ती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरली पाहिजे. केस बाहेर निघणाऱ्या यंत्रांत, बॉबिनची बाजू आपल्याकडे करून धरल्यास, ती सहसा घड्याळाच्या दिशेने फिरते. याला अपवाद आहेत, त्यामुळे पुस्तिका किंवा झाकणावरील चित्र उपलब्ध असेल तर त्याचेच ऐकावे.

दिशेइतकेच महत्त्व बॉबिनच्या जातीला आहे. दिसायला सारख्या वाटणाऱ्या बॉबिनच्या उंचीत थोडा फरक असला, तरी ती आत अडखळते किंवा खडखडते, म्हणून यंत्रासोबत आलेल्या बॉबिनशी जुळवूनच नवी घ्यावी. भरताना दोरा बॉबिनसाठी असलेल्या छोट्या चकतीतून नेलाच पाहिजे, नाही तर तो पोकळ व वेडावाकडा गुंडाळला जातो. बोटाने दाबल्यावर मऊ लागणारी बॉबिन सरळ उलगडून पुन्हा भरावी.

प्रश्न : सगळे नीट ओवले आहे, ओढून पाहण्याची परीक्षाही जमते, तरीही वरचा दोरा थोडे शिवल्यावर विंचरल्यासारखा होतो आणि तुटतो.

उत्तर : टाक्यात स्थिर होण्यापूर्वी दोऱ्याचा प्रत्येक भाग नेढ्यातून अनेकदा मागे-पुढे होतो, हे पहिल्या उत्तरातील दोरा परत ओढण्याच्या क्रियेवरून लक्षात येईल. त्यामुळे नेढे दोऱ्याच्या मानाने लहान असेल, तर ते दोरा खरवडत राहते. सुईच्या पाकिटावर 80/12 किंवा 90/14 असे दोन आकडे असतात. त्यांतील पहिला आकडा सुईची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत सांगतो, म्हणजे 90 क्रमांकाची सुई 0.9 मिलिमीटर जाड असते. सुई यंत्रातून काढून तिच्यात आपला दोरा ओवा आणि दोरा दोन्ही हातांनी ताणून तिरपा धरा. सुई आपल्या वजनाने खाली घसरली तर जोडी जमली. अडली तर एक आकडा मोठी सुई घ्यावी. सुईच्या टोकाला बारीक ओरखडा असेल, तरीही दोरा फाटतो. सुई स्वस्त असते आणि नवी घालून पाहणे हा निदानाचा सर्वांत सोपा मार्ग आहे.

रिळाकडेही पाहावे. रिळाच्या कडेला दोऱ्याचे टोक अडकवण्यासाठी चीर असते, तिच्यात दोरा अडकून तुटण्याचे प्रकार पुष्कळ होतात. ती चीर दोरा निघतो त्याच्या विरुद्ध टोकाला ठेवावी. ज्या रिळावर दोरा फुलीसारखा आडवा-तिरपा गुंडाळलेला असतो, त्याचा दोरा टोकावरून सुटावा, म्हणजे रीळ आडव्या खुंटीवर घालावे. समांतर वेढ्यांचे रीळ उभ्या खुंटीवर फिरत राहिलेले बरे.

प्रश्न : नजर कमी झाल्यामुळे नेढ्यात दोरा जात नाही. आपोआप ओवणारी कळ आहे, पण तीही चालत नाही.

उत्तर : ती कळ सुई अगदी वरच्या टोकाला असल्याशिवाय काम करत नाही, आणि फार बारीक सुईच्या नेढ्यात तिचा आकडा शिरतच नाही. कळीवर जोर करू नये, तिचा आकडा लगेच वाकतो. हाताने ओवताना दोऱ्याचे टोक धारदार कात्रीने तिरपे कापावे, सुईमागे पांढरा कागद धरावा आणि दाबपट्टी खाली करून हाताला जागा मोकळी करून घ्यावी. चकत्यांमधून दोरा आधीच गेलेला असल्याने आता पट्टी खाली असली तरी चालते.

प्रश्न : शिवायला सुरुवात करताच पहिल्याच टाक्याला दोरा सुईतून निघून जातो.

उत्तर : दोऱ्याचे टोक फार लहान ठेवले, की टेक-अप लिव्हर वर जाताना ते ओढून घेतो. दोन्ही दोरे किमान 10 सेंटिमीटर बाहेर ठेवून दाबपट्टीखालून मागे घ्यावेत आणि पहिले दोन-तीन टाके पडेपर्यंत बोटांनी धरावेत. थांबतानाही लिव्हर वरच्या टोकाला आणूनच कापड काढावे.

प्रश्न : रंग बदलताना जुन्या दोऱ्याला नवा दोरा गाठ मारून ओढून घेतला तर चालेल का?

उत्तर : सरावलेले लोक तसे करतात, परंतु गाठ नेढ्यातून जात नाही, त्यामुळे सुईजवळ थांबून दोरा कापावाच लागतो. शिवाय प्रत्येक वेळी नव्याने ओवल्याशिवाय नवशिक्याच्या हाताला वाट पाठ होत नाही. पहिले काही महिने ही पळवाट टाळावी, असे माझे मत आहे. जुना दोरा काढताना तो रिळाजवळ कापावा, दाबपट्टी उचलावी आणि सुईच्या बाजूने पुढे ओढून काढावा. रिळाकडे उलटा ओढल्यास दोऱ्याचा कीस चकत्यांमध्ये साठतो. तसा कीस साठलाच असेल, तर पट्टी वर ठेवून चकत्यांमधून पातळ सुती कापडाची दुमडलेली कड एक-दोनदा फिरवावी.