"बाई, तुम्ही शिकवायचं काम करा" असं पालक म्हणाले तर?

मी ग्रामीण रुग्णालयात मैत्री क्लिनिकला समुपदेशक आहे, किशोरवयीन मुलामुलींसाठीचं क्लिनिक. तिथे शिक्षकसुद्धा येतात आणि सगळ्यांचा प्रश्न साधारण एकच, आम्ही आरोग्याचं सांगायला गेलो की घरचे उलट बोलतात, मग सांगायचं की गप्प बसायचं? मागच्या हिवाळ्यातली एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलल्यात.

जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एक बाई आल्या, सोबत आठवीतली मुलगी. प्रार्थनेच्या वेळी चक्कर येऊन पडली होती. हिमोग्लोबिन निघालं 8.4. या वयाच्या मुलीला 12 तरी पाहिजे, 8 च्या खाली गेलं की गंभीर धरतात, म्हणजे पोरगी अगदी काठावर होती. बाईंना धक्काच बसला कारण शाळेत दर सोमवारी त्या निळ्या लोहाच्या गोळ्या स्वतः वाटतात, रजिस्टरला हिच्या नावापुढे एकही खाडा नाही.

मुलीशी एकटीशी बोलले तेव्हा कळलं की गोळी जिभेखाली धरायची आणि बाहेर जाऊन थुंकायची. का, तर आईनेच सांगितलेलं. पहिल्या गोळीला मळमळलं, दुसऱ्या दिवशी शी काळी झाली, आई घाबरली. त्यात गावात कुणीतरी उठवलेलं की या गोळ्यांनी पुढे मूल राहत नाही. आईने शाळेत येऊन बाईंना चार लोकांत सुनावलं, "तुम्ही शिकवायचं काम करा, डॉक्टरकी करू नका."

बाई माझ्यासमोर रडल्या. म्हणाल्या, मॅडम यापुढे मी फक्त गोळी हातात देणार, गिळली का थुंकली ते बघणार नाही, मला काय पडलंय. मला त्यांचा राग अजिबात आला नाही, एवढा जीव लावून वर बोलणी खायची म्हणजे कुणालाही वाटेल. पण मी विचारलं, तुम्ही आईला पहिल्यांदा नक्की काय म्हणालात? जरा वेळाने म्हणाल्या, पालक सभेत सगळ्यांसमोर म्हणाले की हिच्यात रक्त कमी आहे, लक्ष द्या.

माझ्या मते खरी गाठ तिथेच होती. बाईंनी काळजीनेच सांगितलं, पण आईच्या कानाला ऐकू आलं की तुमच्या पोरीत खोट आहे, आणि तेही गावासमोर, उद्या हिचं लग्न ठरवताना हेच बोलणं निघणार. त्या माउलीचं भांडण गोळीशी कमी आणि त्या चारचौघांतल्या वाक्याशी जास्त होतं.

मग आम्ही दोघींनी बसून ठरवलं. कुणाची तब्येत कधीच वर्गात किंवा सभेत काढायची नाही, ते आईला एकटीला गाठून. आणि आधी माफी. बाई घरी गेल्या, म्हणाल्या माझं चुकलं, सगळ्यांसमोर बोलायला नको होतं. आई काही बोलली नाही पण चहा ठेवला, आणि तिथेच पुढचा विषय निघाला, की जेवणाबरोबर नाहीतर लगेच नंतर चहा घेतला की अन्नातलं लोह अंगाला नीट लागत नाही. ही पोरगी सकाळी चहा-खारी खाऊन शाळेत यायची आणि घरी गेल्यावर भाकरीबरोबर परत चहा. काळी शी लोहामुळेच होते, घाबरायचं नाही, हे आईला तोवर कुणी म्हणजे कुणीच सांगितलेलं नव्हतं! गोळी उपाशीपोटी नको, खिचडी खाल्ल्यावर घ्यायची, भाजीवर लिंबू पिळायचं, आणि वर्षातून दोनदा जंताची गोळी मिळते ती पण चुकवायची नाही, नाहीतर इकडून लोह द्या आणि तिकडून जंत रक्त खातायत.

पण घरात आजीच्या शब्दाशिवाय काही हलत नाही हे बाईंना तिथे बसल्यावर समजलं. म्हणून संक्रांतीला शाळेत हळदीकुंकू ठेवलं, आयांना आणि आज्यांना बोलावलं, तीळगूळ झाल्यावर बाईंनी सगळ्यांसमोर स्वतः निळी गोळी घेतली. म्हणाल्या मला दोन लेकरं आहेत, मी पण घेते. भाषण नाही काही नाही. मला ही युक्ती सुचली नसती, ती पूर्ण त्यांची.

एक गोष्ट मात्र मी प्रत्येक शिक्षकाला परत परत सांगते. 8.4 ला आठवड्याची एक गोळी पुरत नाही, ती रक्त कमी होऊ नये म्हणून असते, उपचारासाठी डॉक्टरांनी रोजचा डोस लिहून दिला आणि तो शिक्षकांनी मनाने ठरवायचा नाही. तुमचं काम पोरगी दमतेय, फिकी दिसतेय, पाळीत चार चार दिवस गैरहजर राहतेय हे टिपणं आणि आमच्यापर्यंत पोचवणं, कारण तुम्ही तिला रोज बघता, आम्ही वर्षातून एखाददोनदा.

महिन्याभराने आईच तिला घेऊन आली, बाई नव्हत्या सोबत. हिमोग्लोबिन 9.6. जाताना दारातून परत फिरली आणि हळूच विचारलं, माझं पण बघता का, जिना चढला की धाप लागते. तिचं 9 निघालं. आता दोघी रात्री जेवण झालं की बरोबर गोळी घेतात, आजी अजून म्हणते गोळी गरम पडते, पण लिंबू तीच चिरून ठेवते.