सिस्टर्शियन (कॅथलिक ख्रिश्चनांचा एक संन्यासी पंथ) मठाच्या प्रमुख झालेल्या खानदानी स्त्रियांना खरंच सत्ता असायची का? की नुसता मान?

मठ कुठला, यावर ते ठरायचं. स्पेनमध्ये बुर्गोस शहराजवळच्या लास उएल्गास या नन्सच्या मठाला मात्र भरपूर सत्ता होती. राजा आठवा अल्फोन्सो आणि राणी लिओनोर यांनी 1187 मध्ये हा मठ स्थापला. पन्नासहून जास्त गावं आणि डझनभर मठ त्याच्या हाताखाली. बिशपचा हुकूम तिथे चालत नसे. आपल्या हद्दीत कोणत्या पाद्रीने प्रवचन द्यायचं, कोणी लोकांच्या पापांचा कबुलीजबाब ऐकायचा, याचे परवाने ॲबेस, म्हणजे मठाची प्रमुख, देई.

इथे बरेच जण घसरतात: ती स्वतः मिस्सा, म्हणजे चर्चमधला मुख्य उपासना-विधी, करत नसे. तो अधिकार पाद्रीचाच. काही ॲबेस नन्सचे कबुलीजबाब ऐकतात आणि प्रवचनं देतात, हे कानावर येताच पोप तिसऱ्या इनोसंटने 1210 मध्ये त्याला सक्त मनाई केली. परवान्यांचा अधिकार मात्र 1873 पर्यंत टिकला.

आता या गादीवर कोण बसे, ते बघा. आना दे आउस्त्रिया, जन्म 1568. सम्राट पाचव्या चार्ल्सचा अनौरस मुलगा डॉन हुआन, त्याची ही अनौरस मुलगी. लहानपणीच तिला स्पेनमधल्याच माद्रिगाल गावच्या ऑगस्टिनियन, म्हणजे दुसऱ्या एका पंथाच्या, मठात ठेवलं, तिला विचारलं कोणी नाही. 1594 मध्ये मठाचा पोर्तुगीज पाद्री मिगेल दे लोस सांतोस याने गाब्रिएल एस्पिनोसा नावाच्या पेस्ट्रीवाल्याला तिच्यापुढे उभं केलं. हाच म्हणे पोर्तुगालचा राजा सेबास्टियाव, 1578 मध्ये मोरोक्कोतल्या लढाईत मेला असं सगळे समजत होते, पण वाचलेला. (गोवाही त्याच्याच राज्यात होता.) नात्याने तो तिचा आतेभाऊ. ती नन, शिवाय जवळचं नातं, म्हणून पोपची सूट मिळवून लग्न करायचं आणि राणी व्हायचं, असं ठरलं. तिने आपले दागिने त्याच्या हवाली केले. तो ते घेऊन वायादोलिदला गेला. गावात पेस्ट्री विकणाऱ्या माणसाकडे राजघराण्याचे दागिने दिसल्यावर आणखी काय होणार? धरला गेला.

1595 मध्ये एस्पिनोसा आणि मिगेल दोघेही फासावर गेले. आनाला आविलाच्या मठात चार वर्षं कोठडी, दर शुक्रवारी पाणी-पाव, आणि मठात कुठलंही पद कधीच मिळणार नाही, अशी शिक्षा झाली.

"कधीच" फार दिवस टिकलं नाही. शिक्षा स्पेनचा राजा दुसरा फिलिप, म्हणजे तिचा काका, याच्या राज्यात झालेली. तो 1598 मध्ये वारला. गादीवर आलेल्या तिसऱ्या फिलिपने, म्हणजे चुलतभावाने, माफी दिली. ती आधी माद्रिगालची प्रमुख झाली, मग पंथ बदलून 1611 मध्ये लास उएल्गासची ॲबेस, तीही तहहयात. तोवर तिथे दर तीन वर्षांनी निवडणूक व्हायची. तिच्यासाठी पोपकडून खास सूट आणली. घराण्याचं नाव इतकं कामी यायचं. 1629 मध्ये ती त्याच पदावर वारली.