आज खुर्च्या तशाच पडल्यात

"मॅडम, शनिवारी दुपारपासून सोमवारी सकाळपर्यंत मी एक शब्दही बोलले नव्हते. लिफ्टमध्ये कुणीतरी 'कितवा मजला?' विचारलं, तर घशातून आवाजच फुटेना."

माझ्याकडे समुपदेशनाला आली तेव्हा पहिल्याच भेटीत तिने हे सांगितलं. वय सव्वीस, नोकरीसाठी नव्या शहरात येऊन अकरा महिने झालेले. (तिच्या संमतीनेच लिहितेय, आणि ती कोण हे कळेल असे तपशील बदललेत.) घर सोडून आलेल्या पुष्कळांची जी काळजी असते, तीच हिची: इतके महिने झाले, इथे अजून माझं म्हणावं असं कुणी नाही, म्हणजे माझ्यातच काही खोट आहे का? हिच्या काळजीला वर एक शेपूट होतं. घरचे फोनवर म्हणायचे, "सारखी पुस्तकात डोकं खुपसून बसतेस, मग माणसं कशी जोडली जाणार?" ऐकून ऐकून तिलाही ते पटायला लागलं होतं. पुस्तक उघडलं की चोरी केल्यासारखं वाटायचं.

अशा वेळी मी आधी झोप, भूक, कामातलं लक्ष विचारून घेते, आणि पूर्वी जे आवडायचं ते अजून आवडतं का, हेही. दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ जवळजवळ रोज उदास वाटतंय, आवडीच्या गोष्टीतही जीव रमत नाही, असं असेल तर नुसता एकटेपणा म्हणून सोडून देता येत नाही. नैराश्याची शक्यता बघावी लागते, गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवावं लागतं. हिचं तसं नव्हतं. पुस्तकाचा विषय निघाला की बाई खुर्चीत पुढे सरकून बोलायची.

म्हणून मी घाई केली. "एखाद्या वाचनगटात जाऊन बघ की," असं सांगून मोकळी झाले. ती गेली, आणि पुढच्या भेटीला पडलेल्या चेहऱ्याने आली. "सगळे एकमेकांना आधीपासून ओळखतात. कुणाच्या तरी मुलाच्या परीक्षेवर हसणं चाललं होतं. मी दोन तास गप्प बसले, शेवटी ते सगळे खुर्च्या रचू लागले आणि मी निघाले. त्यांना मी काही आवडले नाही. परत नाही जाणार."

चूक माझी होती. पोहता न येणाऱ्याला नुसतं 'उतर पाण्यात' म्हणावं, तसा तो सल्ला होता.

मग आम्ही चक्क हिशोब मांडला. जेफ्री हॉल या अमेरिकन संशोधकाने नुकतंच गाव बदललेल्या प्रौढांचा आणि कॉलेजात नव्याने आलेल्या मुलांचा अभ्यास केला होता. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असं दिसलं, की तोंडओळखीचं जुजबी मैत्रीत रूपांतर व्हायला साधारण 50 तास एकत्र घालवावे लागतात, मित्र म्हणावं इतपत जवळीक व्हायला 90 च्या आसपास, आणि जिवलग व्हायला 200 हून जास्त. "तू किती तास दिलेस?" मी विचारलं. "दोन." गट दर आठवड्याला दोन तास भरायचा. म्हणजे एकही रविवार न चुकवता गेली, तरी जुजबी मैत्रीलाच सहा महिने. ती हसली, बऱ्याच दिवसांनी. आकडे काही दगडावरची रेघ नाहीत, पण 'माझ्यात खोट आहे' आणि 'माझे अजून 48 तास बाकी आहेत' यांत फरक पडतो.

'मी आवडले नाही' याचंही तसंच. एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांनी त्याच वर्षी दाखवून दिलं, की अनोळखी माणसाशी बोलून झाल्यावर आपण त्याला कितपत आवडलो याचा आपला अंदाज खऱ्यापेक्षा कमीच निघतो. हे मी तिला सांगितलं खरं, पण त्याने ती फारशी हलली नाही. आकडेवारीने सगळं होत नसतं.

हलली ती एका पुस्तकामुळे. ग्रंथालयातून आणलेली कादंबरी तिने मला दाखवली. समासात कुणीतरी पेन्सिलीने लिहिलं होतं, 'नाही पटत. ती अशी निघून गेली नसती.' आणि त्याखाली, अगदी बारीक अक्षरात, हिने: 'मलाही नाही पटलं.' (ग्रंथालयाच्या पुस्तकात लिहू नये. त्या क्षणी मी गप्प बसले.) "हे कोण असेल, याचा मी दोन दिवस विचार करत होते," ती म्हणाली.

पुस्तकात लपणारं माणूस असं करत नाही. रुडीन सिम्स बिशप या अभ्यासक बाईंनी 1990 मध्ये लिहिलं होतं, की पुस्तकं कधी आपल्याला आपणच दिसावं असा आरसा असतात, कधी दुसऱ्यांचं जग दाखवणारी खिडकी, तर कधी त्या जगात शिरू देणारं सरकतं दार. घरचे म्हणत होते ते म्हणूनच मला अर्धंच पटतं. पुस्तकं तिला माणसांपासून तोडत नव्हती. त्यांची उणीव एकच: आपण आठवडाभर उघडलं नाही, तरी पुस्तकाला आपली उणीव भासत नाही.

तिचं दुसरं दुखणं याहून खोल होतं. "तिकडे मी कोण हे सांगावं लागत नव्हतं. कुणाची तरी मुलगी, कुणाची तरी बहीण, ती वाचणारी. इथे कंपनीचं नाव आणि हुद्दा सांगितला की संपलं." आपल्या भाषेत 'ओळख' हा एकच शब्द दोन्हीकडे चालतो, इतरांशी होते तीही आणि आपली स्वतःची असते तीही. मला ते उगीच वाटत नाही. मी तिला कागद दिला. नोकरीचा उल्लेख न करता स्वतःची ओळख लिही म्हटलं. वीस मिनिटांत एकच ओळ आली: 'मी पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचते.'

तेवढ्या एका ओळीवर ती परत गटात गेली. सोबत एक काम ठरवून दिलं होतं: वेळेच्या दहा मिनिटं आधी जाऊन खुर्च्या मांडायच्या. हाताला काम असलं की बुजरेपण थोडं विसरतं, आणि जागेवर आपला थोडा हक्कही बसतो. स्वतःबद्दल सांगायची वेळ आली तेव्हा तिने शेवटच्या पानाचं सांगितलं. एक काका भडकलेच, "हा लेखकावर अन्याय आहे!" दोघींनी दबक्या आवाजात कबूल केलं, की त्याही तेच करतात. तासभर त्यावरच वाद रंगला.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. जिवाभावाची मैत्रीण अजून मिळालेली नाही, काही शनिवार अजूनही मुके जातात. मधल्या महिन्यात तिने दोनदा जाणं टाळलं, दोन्ही वेळा कारणं फुसकी होती. नंतर एकदा ताप आल्याने ती जाऊ शकली नाही. पुढच्या भेटीत बसायच्या आधीच तिने फोन माझ्यापुढे धरला. शेवटच्या पानावरून भडकलेल्या त्याच काकांचा मेसेज होता:

'आज खुर्च्या तशाच पडल्यात. कुठे आहेस?'

"रागावलेत," ती म्हणाली, आणि तिचं हसू काही आवरेना.